काच शाबूत

माझी धाकटी आत्ता एका पुलाखाली बसली आहे. हातात बॅटरी, शेजारी पाण्याची बाटली, अंगात तिच्या बाबांचा कोपरावर विरलेला स्वेटर आणि डोक्यावर साइटवरची पिवळी टोपी. वरून दगड आला तर ती टोपी काय करणार, हा एकच प्रश्न संध्याकाळपासून माझ्या डोक्यात घुमतो आहे. ओटा पुसून झाला, उद्याच्या कपड्यांना इस्त्री करून झाली, घडी घातलेल्या चादरी उलगडून पुन्हा घडी घालून झाल्या. प्रश्न तिथेच.

"मुलगी काय करते?" असं कोणी विचारलं की मी सांगते, "पूल जपते." शेजारच्या वहिनींनी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा त्यांचा चेहराच पडला. "अगंबाई, म्हणजे वॉचमन?"

तशा त्या फार चुकल्या नव्हत्या. शहरात रस्ता खोदायचं काम कधी संपत नाही. आज पाण्याचा पाइप, उद्या गॅसचा, परवा कसली तरी केबल. खड्डा खणणाऱ्याचं लक्ष खड्ड्यात असतं, आणि ते तिथेच असायला हवं. पण शेजारी जे उभं आहे, एखादं घर, एखादी भिंत, एखादा पूल, ते त्या खड्ड्याकडे कलतंय का, त्याच्या पायाखालची माती सरकतेय का, हे बघायला वेगळा माणूस लागतो. तो माणूस म्हणजे आमची धाकटी. काम सुरू होण्याआधी ती आसपासच्या सगळ्या भिंतींचे फोटो काढते आणि प्रत्येक तड्याला खडूने नंबर देते. तडे शोधत येणाऱ्या मुलीला कोण चहा विचारणार? एका आजोबांनी तिला दारातच अडवलं. "माझ्या घराला एकही तडा नाही."

"आजोबा, तुमच्या डोक्यावरच एक आहे."

आजोबांनी वर पाहिलं. "तो होय? तो माझ्या लग्नापासून आहे. तो धरायचा नाही."

हे असलं तिला लहानपणापासूनच जमतं. तिचा मोठा भाऊ तिच्या डब्यातली चॉकलेटं पळवायचा. दुसरी एखादी रडली असती, नाहीतर त्याला चावली असती. हिने डोक्यावरचा एक केस उपटला आणि डबा नि झाकण यांच्या फटीवर थुंकीने चिकटवला. दुसऱ्या दिवशी तो तुटलेला केस चिमटीत धरून बाबांसमोर उभी राहिली. "पुरावा," म्हणाली. तेव्हा तिला 'पुरावा' हा शब्द नीट लिहितासुद्धा येत नव्हता. थोरला अजून म्हणतो, "हिच्याशी जो लग्न करेल त्याने आपलं कपाट उघडंच ठेवावं. उगाच केस मोजायला नकोत."

बाबांना तिने औषधशास्त्र शिकावं असं वाटत होतं. पांढरा कोट, काचेचं काउंटर, बसून काम. तिने इंजिनिअरिंगचा डिप्लोमा घेतला. उन्हाने रापून घरी यायची, बुटांत वाळू असायची, आणि ती माझ्या स्वयंपाकघरात झटकायची. बाबा म्हणायचे, "काचेचं काउंटर नको म्हणालीस ना? भोग." त्यांना काय माहीत, तिच्या नशिबात काचच होती म्हणून.

तिच्या कामातली मुख्य वस्तू म्हणजे काचेची एक पातळ पट्टी, बोटाएवढी. जुन्या दगडी बांधकामाला तडा असेल तर त्या तड्यावर ही पट्टी आडवी ठेवायची आणि तिची दोन्ही टोकं प्लास्टरने दोन बाजूंच्या दगडांना पक्की चिकटवायची. ओल्या प्लास्टरवर खिळ्याने तारीख कोरायची. तडा आहे तिथेच राहिला तर काच तशीच राहते. तडा केसभर जरी उघडला, तरी काच तडकते. लोखंड वाकेल, लाकूड ताण घेईल, काच मात्र सोसत नाही, म्हणून काच. आणि नियम एकच: काच जागेवर तडकलेली दिसली, फोटो काढला, की काम थांबतं. मग वरचे साहेब येतात, तपासणी होते, त्यानंतरच पुढचं फावडं पडतं.

काम संपलं की रोज संध्याकाळी तिचा मला मेसेज यायचा. "काच शाबूत. निघते." आमच्या घरात ते बोलणंच होऊन गेलं. बाबा दवाखान्यातून आले की मी विचारायची, "काय म्हणाले डॉक्टर?" ते म्हणायचे, "काच शाबूत."

हा पूल ओढ्यावरचा, दगडी, कमानींचा. वरून बस जातात, शाळेच्या गाड्या जातात, मी स्वतः हजार वेळा गेले असेन. पुलाशेजारून पाण्याचा जुना मुख्य पाइप जातो, तो सारखा फुटायचा. म्हणून आता नवा, मोठा पाइप टाकायचं ठरलं, ओढ्याच्या तळाच्याही खालून. त्यासाठी पुलाच्या काठाकडच्या दगडी पायाला लागूनच खोल चर खणतात. चरात पाणी झिरपतं, ते उपसायला पंप दिवसरात्र चालू असतो. धाकटीने मला एकदा समजावलं होतं, "आई, पंपातून नितळ पाणी आलं तर ठीक. गढूळ यायला लागलं तर समजायचं, पुलाच्या पायाखालची रेती पाण्याबरोबर चालली." मी म्हटलं, "असलं मला सांगत जाऊ नकोस गं." ती म्हणाली, "तूच विचारतेस."

पाइपचं काम सुरू झाल्यापासून आमच्या भागात नळाला पाणी नाही, टँकर येतो. टँकरच्या रांगेत वहिनींनी मला ऐकवलंच. "तुमच्या लेकीला सांगा, पूल नंतर जपा म्हणावं. आधी आम्हाला आंघोळ करू द्या." सगळ्या हसल्या. मीही हसले. बादली हातात असताना माणूस दुसरं काय करणार?

काम सुरू झालं त्या सुमारास एकदा एका मजुराची पहार लागून एक काच फुटली. तडा हलला नव्हता, पहारच लागली होती. पण नियम तो नियम, काम बंद झालं. मजुरांना हात हलवत घरी जावं लागलं. दुसऱ्या दिवशी धाकटीने सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "काचेला जपा. काच फुटली की काम बंद. मग तुम्हीही घरी आणि मीही घरी." तेव्हापासून ते तिला 'काचवाली मॅडम' म्हणू लागले. तिला आवडायचं ते. घरी येऊन सांगायची, "आई, मला पदवी मिळाली."

हे नाव ठेवलं गवंडीमामांनी. पाइपच्या जोडापाशी विटांचं चौकोनी चेंबर बांधतात, ते काम यांचं. सगळी साइट त्यांना मामा म्हणते. ते आणि त्यांची बायको पुलाच्या पायापाशीच पत्र्याच्या खोलीत राहतात, सामानावर लक्ष ठेवायला. धाकटीला उन्हाने चक्कर आली होती तेव्हा मला फोन त्यांनीच केला होता. "ताई, घाबरू नका हां, घाबरण्यासारखं असतं तर मी फोनच केला नसता, धावत आलो असतो." त्यांचा नंबर तेव्हापासून माझ्याकडे आहे. 'गवंडी, पूल' या नावाने.

गेल्या आठवड्यात ती चष्मा घरी विसरून गेली. मी बस पकडून तो द्यायला साइटवर गेले. ती पाइप उतरवून घ्यायला पलीकडच्या टोकाला गेली होती. मामांनी मला पाहिलं आणि लांबूनच म्हणाले, "या, या. काचवाली मॅडमच्या आई ना? नाक तेच आहे." स्वतःची खुर्ची पुसून सावलीत ठेवली. मग प्लास्टिकच्या टोपल्यात प्लास्टर कालवायला बसले. कागदात गुंडाळलेली काचेची पट्टी काढली, पुलाच्या पायाजवळ गेले, आणि दगडावरची जुनी काच खरवडून काढू लागले.

"काय करताय?" मी विचारलं.

"मॅडमची काच चिरली. बदलतोय."

"तिला सांगितलंत?"

"त्यात सांगायचं काय? घरात बल्ब गेला तर तुम्ही काय गावभर ओरडता? बदलता ना?"

मला पटलं. नवी काच त्यांनी इतक्या हलक्या हाताने बसवली, जणू तान्ह्या बाळाला झोपवताहेत. मग जुन्या तुकड्यावरची तारीख बघून तीच तारीख नव्या प्लास्टरवर कोरली, आकडा न् आकडा. जुने तुकडे ओढ्यात फेकले आणि शर्टाच्या टोकाने काच पुसली.

"सुबक लावलीत हो," मी म्हटलं.

"जपा म्हणून सांगितलंय मॅडमनी," ते म्हणाले. "आपल्याकडून तक्रार यायला नको."

त्यांच्या बायकोने चहा दिला, तो घेऊन, चष्मा ठेवून मी घरी आले. धाकटीला काही बोलले नाही. बल्ब बदलला, हे कोणी सांगतं का?

आज ती जेवायला बसली तेव्हा तिच्या नखांत पांढरं प्लास्टर होतं. ताट समोर होतं, हात ताटाला लागत नव्हता. मी म्हटलं, "आधी जेव." ती म्हणाली, "आई, मामांनी काच बदलली." माझ्या हातातला डाव तसाच राहिला.

सकाळी ती नेहमीसारखी काचा बघत फिरत होती. पुलाच्या पायाजवळच्या काचेवर सहज बोट ठेवलं, तर प्लास्टर गार लागलं. ओलं. तारीख जुनी आणि प्लास्टर ओलं. तिने मामांना हाक मारली.

"मामा, ही काच कोणी लावली?"

"मी," मामा म्हणाले. "हसत म्हणाले, आई. हसत." धाकटी हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हती. मामा पुढे म्हणाले होते, "आज पहाटे फुटली बघा मॅडम. साहेब येणार होते ना, म्हटलं तुमच्या अंगावर नको. आधी दोनदा फुटली तेव्हाही तुम्हाला कळूसुद्धा दिलं नाही. तुम्ही निर्धास्त राहा."

आधी दोनदा. म्हणजे तो तडा कधीचा उघडतो आहे. आणि ती रोज संध्याकाळी त्या काचेसमोर उभी राहून लिहीत होती, हालचाल नाही. रोज मला कळवत होती, काच शाबूत. जमिनीची पातळी मोजायचं यंत्र साइटवर असतं तर पूल खचतोय हे त्यावरूनही कळलं असतं, पण ते दुसऱ्या कामावर नेलं होतं ते परत आलंच नाही. मागून मागून ती थकली. तिच्या हातात उरल्या होत्या काचा, आणि त्या मामा बदलत होते.

"मी दगडावर बसलेच," ती म्हणाली. "वाटलं, पायाखालची जमीन..." आणि तिने ताट बाजूला सारलं.

ती धावत साहेबांकडे गेली. साहेब वाईट माणूस नाही, हे तीच सांगते. त्यांनी येऊन पाहिलं, तोवर प्लास्टर उन्हाने सुकलं होतं.

"काच तर शाबूत आहे."

"ती नवीन आहे, सर."

"तारीख जुनी आहे."

"तारीख मामांनी कोरली."

साहेबांनी मामांना बोलावलं. ठेकेदार कमरेवर हात ठेवून उभा. मजुरांनी फावडी खाली ठेवलेली. सगळ्यांच्या पोटावर पाय येणार की नाही, ते मामांच्या एका वाक्यावर ठरायचं होतं.

"मामा, ही काच तुम्ही बदललीत?"

मामांनी ठेकेदाराकडे पाहिलं, मजुरांकडे पाहिलं, धाकटीकडे मात्र पाहिलं नाही. "मी कशाला हात लावू, साहेब? मी विटांचा माणूस."

तिने तड्याचे फोटो दाखवले, सुरुवातीचा आणि आजचा. साहेब म्हणाले, सावली वेगळी आहे. पंपाचं पाणी दाखवलं. ते म्हणाले, ओढ्याचं पाणी गढूळच असतं. मग जरा हळू आवाजात म्हणाले, "हे बघ, तुझे स्वतःचे रोजचे अहवाल काय सांगतात? हालचाल नाही. अर्ध्या शहराला पाणी नाही. मी वर काय सांगू? काच फुटली होती, पण आता फुटलेली नाही, असं सांगू?"

उद्या सकाळी खोदायचं यंत्र पुलाच्या पायाला लागून शेवटचा तुकडा खणणार आहे. तो सगळ्यात खोल. पायाच्याही खाली जाणारा. वरून बस चालू राहणार, शाळेच्या गाड्या चालू राहणार.

बाबा आमच्याबरोबरच जेवायला बसले होते. ते म्हणाले, "अगं, तो पूल शंभर वर्षं उभा आहे. तुझ्या काचेच्या भरवशावर नाही उभा."

"बाबा, शंभर वर्षांत त्याच्या पायाशी एवढं खोल कोणी खणलं नव्हतं."

यावर बाबा पाणी प्यायले.

तिचा राग मामांवर नव्हताच. तो असता तर मला बरं वाटलं असतं, राग निघून जातो. ती म्हणाली, "चूक त्यांची नाही गं. मीच त्यांना सांगितलं, काचेला जपा. त्यांनी जपलं. तड्याकडे बघा, असं सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, ते कळतंच."

तेव्हा मी तिला सांगितलं. खुर्ची, टोपलं, ओढ्यात फेकलेले तुकडे, बल्ब, सगळं. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय," मी म्हटलं. "त्यांनी माझ्यासमोर लावली."

क्षणभर तिच्या चेहऱ्यावर काहीतरी लख्ख आलं. लहानपणी तो तुटका केस धरून उभी होती तेव्हाचं. मग ते विझलं आणि ती हसायला लागली, वाईट हसू.

"पुरावा कोण, तर आई! साहेबांना काय सांगू, माझी मम्मी साक्षीदार आहे? उद्या म्हणतील डबाही आईच भरवते का."

"म्हणू देत. मी फोन करते साहेबांना."

"आई, तू साहेबांना फोन करायचा नाहीस. मी या साइटवर एकटी मुलगी आहे. तू एकदा मध्ये पडलीस की मी पुन्हा कधी काही बोलले, तर ते आधी तुझं नाव काढतील. कबूल कर."

"पण..."

"आई."

कबूल केलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

तिचा बेत सरळ होता. मामांची काच काढून त्या जागी तिने संध्याकाळीच स्वतःची नवी काच लावली होती, लवकर सुकणाऱ्या प्लास्टरने. आता रात्रभर तिथे बसायचं. काच फुटली तर त्याच क्षणी फोटो, कोणी बदलायच्या आत. मग नियम तिच्या बाजूने, यंत्र सुरू होणार नाही, पूल वाहनांना बंद करता येईल. मी म्हटलं, मी येते सोबत. "तू आलीस तर मी काचेकडे बघू की तुझ्याकडे?" बाबा म्हणाले, मी येतो. ती त्यांच्या गुडघ्याकडे नुसतं बघत राहिली. शेवटी त्यांनी आतून स्वेटर आणून दिला. देताना एवढंच म्हणाले, "काचेपासून लांब बस."

"लांबून दिसत नाही, बाबा."

गेली. दार लावताना मी जिन्यात तिच्या बुटांचा आवाज ऐकत राहिले. आता आतल्या खोलीत बाबा झोपल्याचं सोंग करताहेत. झोपलेला माणूस घोरतो, निदान हा तरी घोरतो.

तिचे मेसेज येताहेत. "काच शाबूत." थोड्या वेळाने पुन्हा, "काच शाबूत." हेच दोन शब्द रोज वाचले की मी गॅसवर तवा ठेवायची. आज ते वाचते आणि मला कळत नाही की देवाकडे काय मागू. काच फुटू दे म्हणू? फुटली तर सकाळी काम थांबेल, ती खरी ठरेल, पुलावरून जाणारी पोरं वाचतील. पण काच फुटणार म्हणजे दगड हलणार, आणि त्या दगडाखाली ती. फुटू नको देऊ म्हणू? मग सकाळी यंत्र सुरू होईल, आणि ती तिथून हलणार नाही, तिला मी ओळखते. इकडे आड, तिकडे विहीर, आणि माझी मुलगी मधल्या कठड्यावर बॅटरी घेऊन बसलेली. अशी मागणी आजवर कोणत्या आईने केली असेल, मला माहीत नाही. मी कोणतीच केलेली नाही. नुसता फोनच्या पडद्याकडे बघते आहे.

मघाशी तिच्याशी बोलले. आवाज बारीक झाला होता. मागे पंपाची घरघर.

"पाणी कसं येतंय?" मी विचारलं.

"आई, असलं मला विचारत जाऊ नकोस."

"म्हणजे गढूळ."

ती विषय बदलत म्हणाली, "मामांच्या खोलीत दिवा आहे. अजून झोपलेले नाहीत. बाहेर आले नाहीत एकदाही. मामींनी मात्र चहा आणून ठेवला. ठेवला आणि गेल्या."

"तू हाक मार ना त्यांना."

"काय सांगू हाक मारून? कबूल करा आणि उद्यापासून घरी बसा? ठेकेदार त्यांना एक दिवस ठेवणार नाही. झोप तू."

फोन ठेवल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर तो पत्र्याच्या खोलीतला दिवा आहे. त्या माणसाने मला सावलीत बसवलं, स्वतःची खुर्ची पुसून दिली. माझ्या मुलीला चक्कर आली तेव्हा तिच्या डोक्यावर ओला टॉवेल ठेवणारा तोच. त्याची रोजी घालवणारी मी कोण? संध्याकाळपासून मी इथवरच येते आणि थांबते. पण आज संध्याकाळपासून एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती, ती मघाशी आली. ती खोली कुठे आहे? पुलाच्या त्याच पायाशी. तो माणूस आणि त्याची बायको रोज रात्री त्याच तड्याला उशाशी घेऊन झोपतात. फुटकी काच काय सांगते, हे त्यांना ठाऊक असतं, तर त्यांनी ती पुसून, तारीख घालून पुन्हा लावली असती? काच फुटू देऊ नका, एवढंच त्यांना सगळ्यांनी सांगितलं. ती फुटते कशाने, हे कोणीच सांगितलं नाही. साहेबांनी नाही, ठेकेदाराने नाही, माझ्या शहाण्या मुलीनेही नाही. आज त्यांना नुसतं चारचौघांत उभं करून विचारलं, तुम्ही केलंत का. असं विचारलं तर मीसुद्धा नाहीच म्हटलं असतं.

हे कोणी सांगितलं, तर ऐकून ते काय करतील, मला माहीत नाही. कदाचित फोन ठेवतील. कदाचित बायकोला घेऊन निघून जातील, मग सकाळी सांगायलाही कोणी उरणार नाही. कदाचित बाहेर येतील आणि तिच्याशेजारी बसतील. सकाळी साहेबांपुढे बोलायला उभे राहिले, तर मी त्यांच्या शेजारी उभी राहीन, मॅडमची आई म्हणून नाही, तिथे खुर्चीत बसून सगळं बघितलेली बाई म्हणून. ठेकेदाराने काढलंच तर पुढे काय, याचं उत्तर माझ्यापाशी नाही. ते आहे असं खोटं मी त्यांना सांगणार नाही.

साहेबांना फोन करायचा नाही, असं धाकटीने कबूल करून घेतलं आहे. गवंड्यांना करायचा नाही, असं ती म्हणाली नव्हती. ती चिडेल. चिडू दे, चिडायला ती घरी यायला हवी.

'गवंडी, पूल' हा नंबर मी काढला आहे. ते म्हणतील, "ताई, एवढ्या रात्री? घाबरण्यासारखं काही?" मी हो म्हणणार आहे. आणि मग सांगणार आहे, मामा, तो बल्ब नव्हता. आधी मामींना घेऊन खोलीबाहेर या.